सोळाशे मीटरचा दम

आमच्या तालुक्याच्या ग्राउंडवर पहाटे साडेपाचला गेलात तर पाय ठेवायला जागा नसते. शंभरेक पोरं, पंचवीस-तीस पोरी, गेटपाशी गाडी लावून शाल गुंडाळून बसलेले दोन-चार वडील नाहीतर भाऊ, कोपऱ्यात गोळाफेकवाले, आणि ट्रॅक म्हणजे काय तर मातीवर मारलेली फक्की, ती पण पहिल्या पावसात वाहून जाते. मी पंचेचाळिशी ओलांडलेला, डॉक्टरांनी शुगरचा आकडा दाखवल्यावर पळायला लागलेला माणूस. त्या गर्दीत कडेकडेने माझे दहा किलोमीटर मारत असतो. मागच्या हिवाळ्यात एक पोरगा बाजूने तीन-चारदा सुसाट निघून गेला, मग थांबला, गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत उभा राहिला, आणि मी फिरून त्याच्याजवळ पोचलो तर विचारतो, "काका, कोणत्या भरतीची तयारी?" म्हणलं बाबा, या वयात मला कोण भरती करतंय, असंच पळतोय. "किती मारता?" दहा. पोरगा हसला. "दहा कशाला? सोळाशेच्या पुढं मार्क नाहीत काका."

बरोबरच होतं त्याचं. पोलीस भरतीत मैदानी चाचणीचे ५० मार्क, त्यातले २० मार्क १६०० मीटरला, १०० मीटर आणि गोळाफेकीला १५-१५. पोरींना १६०० च्या जागी ८००. म्हणजे महाराष्ट्रात आज जी सगळ्यात मोठी पळणारी फौज आहे, तालुक्यातालुक्यातली, रस्त्याच्या कडेने अंधारात मोबाइलचा टॉर्च लावून पळणारी, ती जेमतेम एक मैल पळते आणि थांबते. त्यांच्यात दम नाही असं नाही. पुढच्या अंतराला कोणी भाव देत नाही एवढंच.

आता याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवा. जानेवारीतला रविवार, टीव्हीवर मुंबई मॅरेथॉन, पुढच्या घोळक्यात केनिया नाहीतर इथिओपियाची हाडकुळी पोरं, आणि सोफ्यावरून कोणीतरी काका म्हणतात, "त्यांचं काय, रक्तातच असतं ते." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता चिडायचं पण सोडलं. सोयीचं वाक्य आहे ना. रक्तातच असेल तर आपण काही करायचा प्रश्नच येत नाही, चहा प्यायला मोकळे.

पण रक्ताचं गणित बसत नाही. शंभर वर्षांपूर्वी लांब अंतर म्हणजे फिनलंड होतं. पावो नुर्मीने १९२० ते १९२८ या तीन ऑलिंपिकमध्ये नऊ गोल्ड घेतली, १९३६ ला बर्लिनमध्ये १०,००० मीटरची तिन्ही मेडलं फिनलंडची. तेव्हाही लोक हेच सांगायचे, थंडी, जंगलातलं आयुष्य, वंशच तसा. आज फिनलंडचं रक्त तेच आहे, थंडी तीच आहे, मेडलं कुठायत? उलट केनियाला ऑलिंपिकचं पहिलं मेडल मिळालं १९६४ ला, टोकियोत, विल्सन किप्रुगुटचं ८०० मीटरचं ब्रॉन्झ. चार वर्षांनी मेक्सिकोत किप कीनोने १५०० मीटरमध्ये जिम रायनला मागं टाकलं आणि तिथून पुढं दार उघडलं ते उघडलंच. कालेंजिन लोक केनियाच्या लोकसंख्येत साधारण १३ टक्के, पण देशाचे बहुतेक मोठे धावपटू त्यांच्यातले. म्हणजे काहीतरी आहे हे खरंच. पोटऱ्या बारीक, पाय हलके, गावं दोन हजार मीटरच्या वर, हे सगळं संशोधकांनी मोजलंय आणि मी ते नाकारत नाही. पण नुसती उंची पुरली असती तर बोलिव्हिया आणि नेपाळने मॅरेथॉन खाऊन टाकल्या असत्या. पाया असणं वेगळं आणि त्यावर घर बांधणारं गाव असणं वेगळं.

आपल्याकडं हे समजायला खरं तर अवघड जायला नको. कोल्हापूरच्या माणसात कुस्तीचं जीन असतं असं कोणी म्हणतं का? नाही म्हणत, कारण आपल्याला माहितीये तिथं काय आहे. तालीम आहे. वस्ताद आहे. पहाटे हौदा खणणारं पोर आहे, म्हाताऱ्या मल्लाला रस्त्यात बघून वाकणारा दुकानदार आहे, थंडाई आणि खुराकावर तासभर बोलू शकणारा रिक्षावाला आहे, १९१२ चं शाहू महाराजांचं खासबाग मैदान आहे. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला गेले तेव्हा पैसे कमी पडत होते, तर राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. एका माणसाच्या कुस्तीसाठी दुसरा माणूस घर गहाण टाकतो, हे त्या मातीतच होऊ शकतं जिथं कुस्तीची किंमत सगळ्या गावाला कळते. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल तिथून आलं.

केनियातलं इटेन म्हणजे पळण्याचं कोल्हापूर समजा. रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर, साधारण २४०० मीटर उंचीवर एक छोटं गाव, तांबडी माती, मक्याची शेतं. गावात सेंट पॅट्रिक्स नावाची शाळा, तिथं १९७६ ला ब्रदर कोल्म ओकॉनेल नावाचा आयरिश माणूस भूगोल शिकवायला आला. ॲथलेटिक्सचं ट्रेनिंग काही नव्हतं त्याचं, पोरं पळताना बघत बघत शिकला. त्या शाळेतला पीटर रोनो १९८८ ला सोलमध्ये १५०० चं गोल्ड घेऊन आला. पुढं त्याच ब्रदरच्या हाताखाली डेव्हिड रुडिशा तयार झाला, लंडनमध्ये २०१२ ला ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदात मारणारा, आणि गंमत म्हणजे रुडिशा वडिलांकडून मसाई. म्हणजे बाहेरून येऊन त्या गावात मिसळला तरी चालतं, गाव त्याला घडवतं.

आणि गुरुवारी सकाळी तिथं काय होतं ते बघण्यासारखं. कच्च्या रस्त्यावर शे-दोनशे धावपटू जमतात, एक मिनिट जोरात एक मिनिट हळू, असा फार्टलेक. त्यात वर्ल्ड चॅम्पियन असतो आणि काल गावाकडून फाटक्या बुटात आलेलं पोर पण असतं. फी नाही, फॉर्म नाही, कोणी हाकलत नाही. तू टिकलास तेवढं टिकलास, पुढच्या गुरुवारी अजून दोन मिनिटं जास्त टिकशील. जगातल्या नंबर एकच्या माणसाच्या पाठीला डोळे लावून पळायला मिळणं, हे ट्रेनिंग आपल्याकडच्या कुठल्या साई सेंटरमध्ये (सरकारी क्रीडा प्राधिकरणाच्या) मिळणार आहे सांगा.

केनियाच्या मॅरेथॉनवाल्या एलिउड किपचोगेचंच घ्या. माणसाने २०१९ ला व्हिएन्नात मॅरेथॉन १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदात पळून दाखवली (रेकॉर्ड म्हणून धरत नाहीत ती, कारण ४१ पेसर, म्हणजे पुढं पळून वेग धरून देणारे, आलटून पालटून पुढं होते, पण बघा ना, एकट्याच्या पराक्रमाला पण ४१ माणसं लागली). करोडपती माणूस, पण ट्रेनिंगच्या दिवसांत राहायचा कुठं तर कप्तागतच्या कॅम्पमध्ये, सोमवार ते शनिवार, बाकीच्या पोरांसारखी साधी खोली, आणि संडास धुवायची पाळी आली की तीही करायचा. हे वाचून आपल्याकडं लोकांना मोठा साधेपणा वगैरे दिसला, मला तर सरळ तालीम दिसली. झाडलोट पाळीने, स्वयंपाक एका जागी, मोठ्याने धाकट्याला धरायचं. आणि त्याची सुरुवात कशी झाली तर गावाशेजारी पॅट्रिक सांग नावाचा माणूस राहायचा, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचं (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची ३,००० मीटरची शर्यत) सिल्व्हर घेतलेला, आणि या पोराने जाऊन त्याला सांगितलं मला ट्रेनिंग लिहून द्या. दोन आठवड्यांचं लिहून दिलं, पोरगा ते पुरं करून परत आला, पुढचं द्या म्हणाला. सांगला शाळेत शिकवलेली बाई किपचोगेची आई होती, एवढं जवळचं सगळं. २००३ ला पॅरिसमध्ये अठरा वर्षांचा किपचोगे ५,००० मीटरमध्ये एल गेरूज आणि बेकेले या त्या काळच्या दोन दादा धावपटूंना मागं टाकून वर्ल्ड चॅम्पियन झाला. आता मला सांगा, माझ्या ग्राउंडवरच्या पोराने कोणाच्या घरी जाऊन विचारायचं? त्याच्या गावात रिटायर फौजदार आहे, तो सोळाशे कसं मारायचं ते छान सांगेल.

इथं एक आक्षेप येतो आणि तो आपल्याकडं फार लाडका आहे. गरिबी. पोरं अनवाणी शाळेत पळत जातात म्हणून धावपटू होतात म्हणे. इथिओपियाच्या हैले गेब्रसेलासीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, दहा किलोमीटर शाळा, डाव्या हातात पुस्तकं. आपल्या अविनाश साबळेबद्दल पण हेच छापून येतं, बीड जिल्ह्यातलं आष्टी तालुक्यातलं मांडवा, आई-बाप वीटभट्टीवर, शाळा सहा किलोमीटर. सगळं खरं. पण त्याच बीडमधून दरवर्षी लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्यांची पोरं काय कमी चालतात? नुसत्या कष्टातून धावपटू निघत असते तर बीडने दर वर्षी दहा साबळे दिले असते. साबळे स्टीपलचेसला आला कसा ते बघा. बारावीनंतर फौजेत, महार रेजिमेंट, सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा पोस्टिंग, आणि मग युनिटच्या क्रॉस कंट्रीत उतरला. म्हणजे त्याचं इटेन त्याला फौजेत सापडलं, तेही विशीत. फौज ही पण एक बिरादरीच, युनिटची इज्जत पणाला लागलेली, सोबत पळणारे पन्नास, वर कोच. बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये २०२२ ला ८ मिनिटं ११.२० सेकंद मारून तो केनियाच्या किबिवोटच्या ०.०५ सेकंद मागं राहिला. त्या रेसमध्ये १९९८ पासून केनिया सोडून कोणाला मेडलच मिळालं नव्हतं. मला आनंद झाला तसं एक वाईट पण वाटलं, की हा माणूस फौजेत गेला नसता, भरतीत दोन मार्कांनी राहिला असता, तर आज आष्टीत कुठंतरी विटा भरत असता आणि आपल्याला पत्ता पण लागला नसता.

अपघाताने नाही तर रीतीने झालेलं आपल्याकडचं एक उदाहरण आहे, नाशिकचं. त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं सावरपाडा, तिथली आदिवासी मुलगी कविता राऊत, कोच विजेंदर सिंग, २०१० ला दिल्लीत कॉमनवेल्थचं १०,००० चं ब्रॉन्झ आणि त्याच वर्षी ग्वांगझूला एशियाडचं सिल्व्हर. पण खरी गोष्ट त्याच्या पुढची. त्याच कोचकडं मग मोनिका आथरे आली, संजीवनी जाधव आली, पाड्यापाड्यातून पोरी यायला लागल्या, कारण आता आईबापांना दाखवायला कविता होती. "तिचं झालं ना" या तीन शब्दांत जी ताकद आहे ती कुठल्या सरकारी योजनेत नाही. इटेनमध्ये हेच झालंय, फक्त पन्नास वर्षं सलग आणि प्रत्येक आळीत. शेजारचा जर्मनीत रेस जिंकून आला, जवळच्या एल्डोरेट शहरात गाळा घेतला, आईला गाय घेतली, विमानतळावर त्याला दुधीभोपळ्याच्या भांड्यातून मुर्सिक पाजलं, कोळसा घासलेल्या भांड्यात मुरवलेलं आंबट दूध. पोर हे बघत मोठं होतं.

जपानचा तर अजून वेगळा प्रकार, मला तो सगळ्यात जास्त भावतो. तिथं उंची नाही, गरिबी नाही, रक्ताचा तर विषयच नाही, पण लांब पळणाऱ्यांची संख्या बघितली तर आ वासतो माणूस. कारण एकिडेन, रस्त्यावरची लांब पल्ल्याची रिले. त्यातली सगळ्यात मोठी हाकोने, २ आणि ३ जानेवारीला, टोकियो ते हाकोने आणि परत, दोनशे सतरा किलोमीटर, कॉलेजच्या दहा पोरांनी वाटून घ्यायची. अख्खा देश नवीन वर्षाच्या सुट्टीत पांघरुणात बसून टीव्हीवर बघतो, आपण वर्ल्ड कप बघतो तसा. हातात बॅटन नसतो, अंगावर कापडी पट्टा असतो, तासुकी, घामाने भिजलेला, तो पुढच्याच्या हातात द्यायचा. आणि क्रूर नियम असा की टीम फारच मागं पडली तर रस्ता किती वेळ अडवून ठेवायचा म्हणून पुढच्या पोराला वेळ झाली की तसंच सोडून देतात, दुसरा पट्टा घालून. मागचा पोरगा शेवटच्या वळणावर येतो, अंगातला पट्टा काढून हातात धरलेला, आणि समोर घ्यायला कोणी नाही. तिथंच रस्त्यावर कोसळून रडतात पोरं. एकटा असता तर तो आधीच थांबला असता, पण नऊ जणांचा घाम अंगावर असल्यावर थांबणार कसा?

आणि ही रेस सुरू कोणी केली तर ज्यांनी केली त्यांच्यात शिझो कानाकुरी होता, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये उन्हाने अर्ध्यात गळपटून गुपचूप घरी निघून गेलेला मॅरेथॉनर. (१९६७ ला स्वीडनवाल्यांनी त्याला बोलावून ती रेस पूर्ण करायला लावली, टाइम चोपन्न वर्षं आठ महिने आणि वर काही दिवस. मला माझा टाइम वाईट वाटला की मी हा आठवतो.) एकट्याने हरलेल्या माणसाने परत येऊन एकटं पळायची गोष्टच मोडीत काढली, १९२० ला. आता बघा, हाकोनेचे टप्पे साधारण वीस-वीस किलोमीटरचे, आणि जपानकडं हाफ मॅरेथॉन पळणाऱ्यांची जी फळी आहे तशी जगात क्वचित कुठं. काही लोकांची तिथं तक्रारच आहे की एकिडेनपायी मॅरेथॉन मागं पडते. म्हणजे तिथंही तेच, ज्या अंतराला मार्क तेवढा दम. आमचा सोळाशेचा पोरगा आणि हाकोनेचा पोरगा एकाच कायद्याने चाललेत.

कोणाला वाटेल मी इटेनचं देऊळ बांधतोय. तसं नाही. गाव घडवतं तसं गाव खातं पण. जिंकला तर अख्ख्या कुटुंबाचं भलं, मग औषधं घेऊन जिंकायचा मोह होतो, आणि केनियाच्या बंदी घातलेल्या धावपटूंची यादी लांबलचक आहे. बायकांचं तर अजून वाईट. ॲग्नेस तिरोपने सप्टेंबर २०२१ ला रस्त्यावरच्या १० किलोमीटरचा, फक्त बायकांच्या शर्यतीतला, वर्ल्ड रेकॉर्ड केला आणि महिनाभरात इटेनमधल्या स्वतःच्या घरात तिचा खून झाला, आरोप नवऱ्यावर. पंचवीस वर्षांची होती. पोरगी पळायला लागली, पैसे यायला लागले, की तिच्या पैशावर, जमिनीवर, ट्रेनिंगवर कोणाचा ताबा याची भांडणं तिथं फार झालीत. म्हणून समाज, समाज म्हणताना मला जरा भान ठेवावं लागतं. आमच्या ग्राउंडवर गेटपाशी बसलेला भाऊ सोबतीला आलाय का पहाऱ्याला, हे मला पण चार महिने कळलं नव्हतं. पण एक मान्य करायलाच पाहिजे, भरतीने एक मोठं काम केलंय. ज्या गावात पोरीने ट्रॅकपॅन्ट घातली तरी चर्चा व्हायची तिथं आज ती पहाटे रस्त्यावर पळते आणि कोणी ब्र काढत नाही, कारण नोकरीचं आहे. दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर रिओला स्टीपलचेसच्या फायनलमध्ये दहावी आली, आज अशा कितीतरी ललिता ८०० मीटरवर थांबून राहिल्यात.

मग करायचं काय? स्टेडियम बांधा, सिंथेटिक ट्रॅक टाका, ही मागणी मी करणार नाही, ते होतं तेव्हा त्यावर लग्नाचे मांडव पडतात. माझं म्हणणं साधं आहे, पोरं ऑलरेडी पळतायत, आता अंतराला भाव द्या. आपल्याकडं प्रत्येक जत्रेत कुस्त्यांचा फड असतो, लोकवर्गणी निघते, शंभर रुपयापासून लाखापर्यंत इनाम लागतात. त्याच जत्रेत दहा किलोमीटरची शर्यत लावा, गाव विरुद्ध गाव, पाच-पाच जणांची टीम, तिघांच्या टायमिंगवर निकाल. बक्षीस टीमला, म्हणजे एक तयार पोर चार कच्च्यांना ओढेल. आणि हो, तीन किलोमीटरच्या पळापळीला "अमुक चषक भव्य मॅरेथॉन" म्हणणं बंद करा, मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते, टी-शर्ट वाटल्याने अंतर वाढत नाही.

दुसरं शहरवाल्यांसाठी, त्यात मी पण आलो. पुण्या-मुंबईतल्या रनिंग ग्रुपनी एक गोष्ट सिद्ध केलीये, की आयुष्यात बसमागं न पळालेला माणूस पण व्हॉट्सॲप ग्रुपवर "उद्या ५ वाजता" असं आलं की उठतो आणि वर्षभरात हाफ मारतो. सोबतीची ताकद त्यांना कोणी समजावून सांगायला नको. पण तोच माणूस बारा हजारांचे बूट घालून परदेशी ॲपला महिन्याला पैसे भरतो आणि त्याच्या सोसायटीपासून चार किलोमीटरवर वयोमर्यादा संपलेला, भरतीत राहिलेला, पाच मिनिटांच्या आसपास सोळाशे मारणारा पोरगा एका गोडाऊनवर वॉचमन असतो. त्याला पेसर म्हणून घ्या की पैसे देऊन. उपकार म्हणून नको, काम म्हणून. केनियात पेसर हा धंदा आहे, दुसऱ्याला ओढता ओढता माणूस स्वतः मॅरेथॉनला तयार होतो. केनियाच्या पॉल टेरगाटने २००३ ला बर्लिनमध्ये मॅरेथॉनमध्ये २:०४:५५ चा वर्ल्ड रेकॉर्ड केला तेव्हा त्याच्या एक सेकंद मागं कोण होतं माहितीये? त्याचा पेसर, सॅमी कोरीर.

ग्राउंडवरच्या त्या सोळाशेवाल्या पोराचं सांगायचं राहिलं. फेब्रुवारीत एका रविवारी त्याला म्हणलं चल, कॅनॉलच्या रस्त्याने पाच जाऊ माझ्यासोबत. गडी सवयीप्रमाणे सोळाशेच्या पेसनेच सुटला, मी मागं. दोन किलोमीटरवर पुलाच्या कठड्याला धरून ओकत होता. मी शेजारून माझ्या म्हशीच्या चालीने पुढं गेलो, अडीचवरून वळून परत आलो, तर हा अजून तिथंच बसलेला, म्हणतो हे काय खरं नाही काका. मला वाटलं संपलं. पुढच्या रविवारी आला, अजून तिघांना घेऊन. त्या दिवशी सगळे हळू निघाले. चौथ्या किलोमीटरला त्यातल्या एकाने मागून हाक मारली, "काका, ह्याला मार्क किती?"

मी काही बोलायच्या आत हाच ओरडला, "गप पळ."

ग्रुप केलाय आता त्यांनी, नाव ठेवलंय कॅनॉल एक्स्प्रेस. मला ॲडमिन केलंय, कारण पहाटेचा पाचचा मेसेज टाकायला त्यांच्यातलं कोणी उठत नाही.